जोगलटेंभीची तेरा हजार नाणी

गोदावरी आणि दारणा या नद्यांच्या संगमाजवळ, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, जोगलटेंभी नावाचं एक लहानसं गाव आहे. १९०६ साली या गावात चांदीच्या जुन्या नाण्यांचा साठा सापडला. थोडीथोडकी नव्हे, तेरा हजार अडीचशेच्या आसपास नाणी! पुरलेलं धन सापडल्याच्या गोष्टी आपल्याकडे गावोगाव ऐकायला मिळतात. मोहरांचे सात रांजण, त्यांवर नागाची राखण वगैरे. पण खरोखर सापडलेल्या धनाचा शेवट पुष्कळदा सोनाराच्या मुशीत होतो. जोगलटेंभीच्या साठ्याचं तसं झालं नाही, आणि म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासातलं एक हरवलेलं पान आपल्याला वाचता आलं.

जुनी नाणी जमवण्याचा छंद अनेकांना असतो. कुणी त्याला वेड म्हणतात, कुणी पैशाची गुंतवणूक म्हणतात. माझ्या मते या छंदाचं खरं मोल तिसऱ्याच गोष्टीत आहे. ती गोष्ट सांगण्यासाठी आधी जोगलटेंभीची नाणी जरा जवळून पाहू.

ही नाणी क्षहरात घराण्यातला क्षत्रप राजा नहपान याची. हे शक राजे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास त्यांनी गुजरात, कोकण आणि नाशिक-जुन्नरचा भाग सातवाहनांकडून जिंकून घेतला होता. नहपानाचं नाणं चार आण्याच्या नाण्याहूनही लहान, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि त्यांच्याभोवती ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिपींत राजाचं नाव. एवढ्याशा चांदीच्या चकतीवर तीन लिपी!

जोगलटेंभीच्या आधी नहपानाची नाणी फार विरळा होती. शिवाय ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे ग्रीक अक्षरांची पूर्ण ओळ एका नाण्यावर मावतच नसे. एकावर सुरुवातीची चार अक्षरं, दुसऱ्यावर शेवटची तीन. हजारो नाणी शेजारी शेजारी ठेवल्यावर ती ओळ जुळली, आणि एक गंमत उघड झाली. ती ओळ ग्रीक भाषेतली नव्हतीच! ‘राजा क्षहरात नहपान याचं’ हाच प्राकृत मजकूर ग्रीक अक्षरांत लिहिलेला होता. आपण आज इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप पाठवतो, तसाच काहीसा प्रकार.

पण सर्वांत मोठी गोष्ट पुढेच आहे. या साठ्याचा अभ्यास रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी केला आणि १९०८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. एकूण नाण्यांपैकी नऊ हजार दोनशे सत्तरच्या आसपास नाण्यांवर नहपानाच्या ठशावर दुसराच ठसा मारलेला होता. एका बाजूला कमानींची टेकडी आणि ‘गौतमीपुत्र श्री सातकर्णी’ हे नाव, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडलेलं उज्जैनी चिन्ह. म्हणजे दहातल्या सात नाण्यांवर जेत्याने आपली मोहर उमटवली होती. खालचा ठसा मात्र पुरता गेलेला नाही. एखाद्या नाण्यावर टेकडीच्या कमानीखालून नहपानाचं नाक डोकावतं, एखाद्यावर गौतमीपुत्राच्या नावाच्या फटीतून जुनी ब्राह्मी अक्षरं दिसतात.

आता नाशिकच्या पांडवलेण्यांकडे वळू. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. नाण्यांच्या अभ्यासकाला ते हिशेबाच्या वहीसारखे वाटतात. तीन हजार कार्षापणांची ठेव त्याने गोवर्धन गावातल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक दराने व्याज, एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण. मोठ्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे होते. दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीसच. हिशेब पै-पैशानं जुळतो! त्याच लेखात पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण असा भावही नोंदलेला आहे. हे कार्षापण म्हणजे नहपानाची ही चांदीचीच नाणी असावीत, असं अनेक अभ्यासक मानतात.

तिसऱ्या लेण्यात चित्र पालटतं. तिथे गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. तो कोरला गेला तेव्हा तिचा नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्ष चालू होतं. त्यात ती आपल्या मुलाचं वर्णन क्षहरात वंशाचा निःपात करणारा असं करते. पण लेखात नहपानाचं नाव नाही. आईनं मुलाचं कौतुक करताना थोडी अतिशयोक्ती केली असेल, असं कुणी म्हणू शकला असता. मग जोगलटेंभीची नाणी समोर आली. ज्या राजाचा चेहरा त्यांवर होता, त्याच चेहऱ्यावर गौतमीपुत्राचा ठसा बसला होता, तोही हजारो वेळा. आईच्या शब्दाला चांदीची साक्ष मिळाली.

इथे एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. यातलं एकच नाणं कुणाच्या हाती लागलं असतं तर? एका नाण्यावर दोन ठसे, ही टांकसाळीतली चूक म्हणता आली असती. पाच-दहा नाणी मिळाली असती, तर अपवाद म्हणून सोडून देता आली असती. दहातली सात नाणी असं कळतं, तेव्हाच ही राजाज्ञा होती हे ध्यानात येतं. नाणी वितळवून नवी पाडण्यात वेळ जातो आणि खर्चही होतो. जिंकलेल्या मुलखातली चालू नाणी गोळा करून त्यांवर नवा ठसा मारला की काम झटपट होतं, आणि राज्य बदलल्याची दवंडी बाजारातल्या प्रत्येक हातापर्यंत आपोआप पोचते. ही सगळी कथा कुठल्याही एका नाण्यात नाही. ती साठ्यात आहे, नाण्यांच्या प्रमाणात आहे आणि ती कुठे सापडली याच्या नोंदीत आहे.

हे मी पोटतिडकीनं सांगतो, कारण याच्या उलट वागण्याची चूक मी स्वतः केलेली आहे. छंद नवा होता. आम्ही चौघा मित्रांनी एका भंगारवाल्याकडून तांब्याच्या जुन्या नाण्यांची पिशवी वजनावर विकत घेतली. शे-दीडशे नाणी असतील. त्याच संध्याकाळी ती वाटून घेतली. शिवराया मला, बहमनी नाणी दुसऱ्याला, कंपनी सरकारची तिसऱ्याला, न ओळखता आलेली चौथ्याला. घरी येऊन मी माझी नाणी चिंचेनं घासून लख्ख केली. वर्षभरानं एका जाणत्या संग्राहकाला ती दाखवली. त्यांनी शांतपणे विचारलं, “पिशवीत कशाबरोबर काय होतं? सर्वांत अलीकडचं नाणं कोणतं होतं?” नाणी एकाच ठिकाणी पुरलेली असतील, तर त्यातल्या सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून ती केव्हा पुरली असावीत याचा अंदाज येतो. आम्ही तर सगळी उसकटून टाकली होती, आणि नोंद एका ओळीचीही नव्हती. चिंचेनं शिवरायांवरचा हिरवट थरच नव्हे, अक्षरांच्या कडाही नेल्या होत्या. “नाणी तुमच्याकडे आहेत, माहिती मात्र गेली,” असं ते म्हणाले. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

जमवलेलं एकमेकांना दाखवायचं, ही रीत या छंदाइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात कोलकात्याच्या टांकसाळीतले अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे अफगाणिस्तान आणि पंजाबातून हौशी मंडळी नाणी आणि त्यांची चित्रं पाठवत. एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी अशा त्या नाण्यांवरची राजांची नावं पडताळून खरोष्ठी अक्षरं उलगडत गेली. १८३७ मध्ये प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचं वाचन पूर्ण केलं. नाणी ज्याच्या त्याच्या पेटीत राहिली असती, तर हे घडलं नसतं.

आपल्या मुंबईतलं उदाहरण पंडित भगवानलाल इंद्रजी यांचं. जुनागढला जन्मलेले भगवानलाल मुंबईत डॉ. भाऊ दाजी यांच्यासाठी काम करू लागले आणि पुढे स्वतंत्र संशोधक म्हणून नावाजले. नहपानानंतर पश्चिम भारतात क्षत्रपांचं दुसरं घराणं आलं आणि ते तीनशेहून अधिक वर्षं टिकलं. त्यांच्या नाण्यांवर राजाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, दोघांच्या पदव्या, आणि पुढच्या काळात राजाच्या डोक्यामागे शकवर्षही असे. भगवानलाल यांनी अशी नाणी चिकाटीनं जमवली, एकापुढे एक मांडली, आणि बाप-लेक, भाऊ-भाऊ असा वंशवृक्ष उभा केला. १८८८ मध्ये ते गेले, त्यानंतर त्यांचा हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपली नाणी त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिली. ती इथेच राहायला हवी होती, असं आज वाटतं. पण ती एकत्र राहिली आणि अभ्यासकांसाठी खुली राहिली, हेही खरं.

पुढे १९१० साली अलाहाबादेत भारतीय नाणकशास्त्र परिषदेची स्थापना झाली, तीही हौशी मंडळींच्याच पुढाकारानं. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० मध्ये डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या प्रयत्नांतून नाण्यांच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. पांडवलेण्यांपासून ती फार दूर नाही, हा योग मला मोठा छान वाटतो.

आजही संग्राहकांच्या बैठकीत हेच चालतं. टेबलावर कापड पसरायचं, नाणी मांडायची आणि भिंग हातोहात फिरवायचं. शिवराईचंच पाहा. शिवाजी महाराजांच्या नावाचं हे तांब्याचं नाणं त्यांच्यानंतरही पेशवाईअखेरपर्यंत पाडलं जात होतं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. त्यावर बहुधा ना साल, ना टांकसाळीचं नाव. मग ओळखायचं कसं? अक्षरांचं वळण, ‘छत्रपति’ची वेगवेगळी रूपं, ओळींमधल्या रेघा, काठावरच्या ठिपक्यांची माळ, वजन, या सगळ्यांवरून. दोन ओळींमध्ये जोड रेघा असलेली दुदांडी शिवराई उत्तर काळातली, हे संग्राहक चटकन सांगतात. हे ज्ञान एकाच्या दहा नाण्यांतून आलेलं नाही, अनेकांची शेकडो नाणी पाहून ते जमलं आहे. खोटं नाणं पकडायलाही मित्रांचे डोळेच कामी येतात. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या काठावरची जोडाची रेघ किंवा पृष्ठभागावरचे बुडबुडे एकाच्या नजरेतून सुटले, तरी चौघांच्या नजरेतून सहसा सुटत नाहीत.

एक अवघड प्रश्न उरतो, आणि तो टाळून चालणार नाही. जमिनीत सापडलेला साठा आज कुठे जातो? १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सरकारनं ते घेतलं, तर मोबदला म्हणून धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा, असा हिशेब त्या कायद्यात आहे. बाजारात मात्र दुर्मीळ नाण्याला धातूच्या कित्येक पटींनी भाव येतो. शेतात नांगराला हंडा लागलेल्या माणसाची ओढ कुठे असेल, हे सांगायला नको. मग रातोरात साठा फुटतो आणि नाणी चार गावच्या बाजारांत विखुरतात. शंभर वर्षांहून जुनी नाणी परवान्याशिवाय परदेशी नेण्यास १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे. पण देशातल्या देशात साठा विखुरला, तरी त्यातला इतिहास संपतोच.

यात आपण संग्राहकही अगदी निर्दोष नाही. गिऱ्हाईक आपणच असतो. म्हणून निदान एवढं तरी करावं. नवा साठा निघाल्याचं कानावर आलं, तर तो सरकारदरबारी जावा यासाठी आग्रह धरावा. विकत घेतलेल्या प्रत्येक नाण्याबरोबर ते कुठून आलं, केव्हा आलं, कोणत्या नाण्यांबरोबर आलं, हे चिठ्ठीवर लिहून ठेवावं. वजन करावं, दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत आणि जाणकारांना दाखवावेत. चिंच, लिंबू, रांगोळी यांपासून नाणं लांब ठेवावं. आणि गळ्यात घालण्यासाठी त्याला भोक तर मुळीच पाडू नये.

दोन हजार वर्षांपूर्वी गौतमीपुत्राच्या टांकसाळीत हातोडा उचलणाऱ्या कारागिराला इतिहास लिहायचा नव्हता. तो समोरच्या ढिगातलं एकेक नाणं ऐरणीवर ठेवत होता, ठसा मारत होता आणि पुढचं उचलत होता. त्याचं काम आपल्याला समजलं, कारण तो ढीग पुष्कळसा एकत्र सापडला आणि कुणीतरी तो मोजून त्याचा हिशेब सर्वांसाठी छापून ठेवला. आपल्या डब्यातल्या नाण्यांचा असा हिशेब आपल्यामागे कुणाला तरी वाचता येईल ना, एवढं प्रत्येक संग्राहकानं अधूनमधून तपासून पाहावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)