भरतीच्या टोकावरच्या बाजारपेठा

महाड, चिपळूण, राजापूर आणि खारेपाटण या कोकणातल्या जुन्या पेठा. त्या समुद्रकिनाऱ्यावर नाहीत आणि घाटाच्या तोंडाशीही नाहीत. समुद्राची भरती खाडीतून आत जिथपर्यंत चढते, साधारण तिथे त्या वसल्या. भरलेला मचवा जिथून पुढे जाऊ शकत नाही, तिथे माल उतरवावाच लागतो. आणि माल उतरला की वखारी, अडते, जकातीचे नाके आणि बैलांचे तळ आपोआप उभे राहतात. उत्तरेकडे कल्याण, पनवेल आणि नागोठणे यांची घडण अशीच झाली. कोकणचा इतिहास किल्ल्यांच्या आणि आरमाराच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला. मालाच्या अंगाने तो पाहिला तर या पेठा किल्ल्यांइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

रस्ते होण्यापूर्वीच्या कोकणात उत्तर-दक्षिण प्रवास फार कष्टाचा होता. दर काही कोसांवर एक खाडी आडवी यायची आणि ती तरीने ओलांडावी लागायची. मध्ये जांभ्याचे सडे आणि चढउतार. पूर्व-पश्चिम जायचे तर मात्र त्याच खाड्या वाट होत. लादणीचा बैल पाठीवर फार तर शंभर-सव्वाशे किलो ओझे नेतो. दहा टन माल घेणारा लहानसा मचवा म्हणजे शंभर बैलांचे काम, आणि तेही तीन-चार खलाशांच्या बळावर. मीठ, धान्य, लाकूड, नारळ अशा जड आणि स्वस्त मालाला तर पाण्यावाचून दूरची बाजारपेठ मिळणेच अवघड होते.

या वाहतुकीचे वेळापत्रक चंद्राच्या हाती होते. पाणी सुमारे सहा तास चढते आणि तितकाच वेळ उतरते. खाडीच्या मुखाशी थांबलेला तांडेल भरती सुरू होताच निघे आणि चढत्या पाण्याबरोबर आत शिरे. वारा अनुकूल असला तर शीड, नसला तर वल्ही. एका भरतीत मजल पुरी झाली नाही तर ओहोटीभर नांगर टाकून बसायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढते, म्हणून जड पडाव तेव्हा अगदी पेठेपर्यंत जात. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत ते अलीकडेच थांबत आणि माल लहान होड्यांत उतरवावा लागे. म्हणूनच बहुतेक पेठांना खालच्या अंगाला एक जोडबंदर असे: चिपळूणला गोवळकोट, महाडला दासगाव. पावसाळ्यात समुद्र बंद. गलबते ओढून काठावर घेत आणि झावळ्यांनी शाकारून ठेवत. नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्यावर हंगाम उघडे. कोळी, खारवी, गाबीत, भंडारी आणि कोकणी मुसलमान या समाजांच्या कित्येक पिढ्या या कामात गेल्या.

पेठेच्या पलीकडचा टप्पा घाटाचा. कऱ्हाडचा माल कुंभार्ली घाटाने चिपळूणला, भोरकडचा वरंध घाटाने महाडला, कोल्हापूर-मलकापूरचा अणुस्कुऱ्याने राजापूरला येई. वंजारी-लमाणांचे तांडे वरून गूळ, कापूस, तंबाखू, मिरची आणि धान्य उतरवत आणि परतीला मीठ, नारळ, सुपारी, खजूर व सुकी मासळी नेत. देश आणि कोकण यांच्या खाण्यापिण्याची अशी अदलाबदल फार जुनी आहे. जुन्नरहून नाणेघाटाने उतरणारी वाट कल्याणच्या बंदराकडे येई, आणि त्या घाटातल्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणचा उल्लेख येतो. पूर्वी मोकळ्या असलेल्या या पेठेवर पुढे निर्बंध आले आणि तिथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो सांगतो. बंदर अडवले की घाटावरच्या सत्तेची मिळकत अडते, हे त्या काळच्या राजांना पक्के ठाऊक होते.

मध्ययुगात वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ बहमनी आणि पुढे विजापूरकरांचे मोठे बंदर झाले. रशियन प्रवासी अफनासी निकितिन याने परतीचे जहाज तिथूनच धरले. 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाने हे बंदर जाळले. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी राजापूरला वखार घातली. 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली, कारण पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली होती. समुद्रापासून इतक्या आत, खाडीच्या टोकाला इंग्रजांनी वखार का घालावी, याचे उत्तर अणुस्कुरा घाटात आहे: मिरी आणि कापड तिकडूनच येत असे.

इंग्रजी अमलात पहिले रस्ते खाडीच्या विरोधात नव्हते. 1830 मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला, तेव्हा पनवेलची भरभराटच झाली. पुण्याकडच्या गाड्या पनवेलला माल उतरवत आणि तिथून तो होड्यांनी मुंबईला जाई. 1863 मध्ये रेल्वे बोरघाट चढली आणि हा धंदा खचला. शतकाच्या अखेरीस पुणे-मिरज लोहमार्ग झाल्यावर कऱ्हाडकडच्या मालालाही चिपळूणची गरज पूर्वीइतकी उरली नाही.

पण सारा दोष रेल्वेवर टाकणे न्याय्य नाही. खाड्या त्याआधीपासून भरत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रत्नागिरी जिल्ह्यात अरबी गलबते थेट येत असलेले राजापूर हे एकच बंदर उरले होते, तरी मोठे गलबत जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबे. डोंगरउतारावरचे रान तुटले की मुसळधार पावसात माती नदीत येते, आणि भरतीचे पाणी जिथे मंदावते तिथे, म्हणजे नेमके पेठेच्या पायाशी, ती बसते. खारेपाटणही असेच मागे पडले. शिलाहार राजा रट्टराजाचा इ.स. 1008 चा ताम्रपट तिथे सापडला, एवढे ते जुने गाव.

वाफेच्या बोटी आल्यावर किनाऱ्यावरची वाहतूक वाढली, पण बोट बाहेर उभी राही आणि माणसांची व मालाची पडावांतून ने-आण होई. विसाव्या शतकातही हीच राजवाट होती. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने निघाले आणि दासगाव बंदरात उतरले. स्वातंत्र्यानंतर मुंबई-गोवा रस्ता सुधारला, खाड्यांवर पूल झाले, ट्रक दारापर्यंत येऊ लागले. शिडाची गलबते कौले, लाकूड आणि वाळू वाहून काही काळ तगली.

या पेठांच्या जागेची किंमत आज पुरात मोजावी लागते. घाटातून येणारे पाणी आणि वर चढणारी भरती एकाच वेळी भेटली की शहर मधे सापडते. चिपळूणच्या वाशिष्ठीत तर कोयना प्रकल्पाचे अवजलही येते. जुलै 2021 मध्ये चिपळूण आणि महाड दोन्ही बुडाली आणि त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ काढण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले.

2016 च्या कायद्याने देशातले 111 जलमार्ग राष्ट्रीय ठरले. त्यांत अंबा, सावित्री, कुंडलिका, शास्त्री आणि दाभोळची खाडी आहे. अंबेच्या धरमतर खाडीत डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळसा आणि लोहखनिज बार्जमधून येते, आणि तो धंदा भरभक्कम आहे. महाड आणि चिपळूणहून मात्र घाटावरचा माल पाण्याने नेण्याचे काम पुन्हा सुरू झालेले नाही: तिथे पात्र उथळ आहे आणि एकाच गिऱ्हाइकाचा हजारो टनांचा माल नाही.