टिंब कीं डी ?

गतिशास्त्राचा तास चालू असतां एखादा चौकस विद्यार्थी आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतो. वेग दाखवितांना अक्षराच्या डोक्यावर टिंब द्यावयाचें, आणि तोच वेग कलनशास्त्राच्या तासाला डीएक्स-डीटी असा लिहावयाचा, हें कां ? प्रश्न लहान आहे. परंतु त्याचें उत्तर द्यावयाचें म्हणजे शंभराहून अधिक वर्षें चाललेल्या एका भांडणाची हकीकत सांगावी लागते. भांडण नांवांचें व चिन्हांचें; पण त्याची किंमत इंग्लंडच्या गणितविद्येनें मोजली.

न्यूटनला ही नवी गणितपद्धति १६६५-६६ च्या सुमारास साधली. राशि ही वाहत्या पाण्यासारखी सतत वाढत अथवा घटत असते, अशी त्याची कल्पना. म्हणून वाहणाऱ्या राशीला त्यानें 'फ्लुअंट' म्हटलें, तिच्या वेगाला 'फ्लक्शन' म्हटलें, आणि पुढें त्या वेगाची खूण म्हणून अक्षरावर टिंब दिलें. मात्र हें सारें त्यानें वर्षानुवर्षें दप्तरांत बांधून ठेविलें. इकडे जर्मनींत लाइब्निट्सनें १६७५ सालीं आपलीं चिन्हें योजिलीं व १६८४ सालीं आपली रीति छापून प्रसिद्ध केली. त्याच्या मनांत प्रवाह नव्हता, वजाबाकी होती. अगदीं लगतच्या दोन किंमतींमधील अंतर तें 'डिफरन्शिया', त्याचें आद्याक्षर डी. आणि अशा अनंत सूक्ष्म अंतरांची बेरीज ती 'सुम्मा', तिच्यासाठीं लांबट ओढलेला एस.

लाइब्निट्स नांवांच्या बाबतींत फार चोखंदळ होता, आणि तरीही हट्टी नव्हता. बेरजेच्या गणिताला 'समेटोरियस' म्हणावें असें त्याचें मत. योहान बर्नुलीला 'इंटिग्रालिस' हें नांव प्रिय, व चिन्ह म्हणून आय हें अक्षर. १६९६ च्या सुमारास उभयतांनीं पत्रोपत्रीं तडजोड केली : नांव बर्नुलीचें घ्यावें, चिन्ह लाइब्निट्सचें. आज जगभर चालतो तो हाच समेट ! पारिभाषिक शब्दांवरून हातघाईवर येणाऱ्या आमच्या विद्वानांस हा प्रसंग आम्हीं अनेकदां ऐकविला आहे. उपयोग झालेला दिसत नाहीं.

इंग्लंडशीं मात्र समेट झाला नाहीं. चोरीचा आरोप झाला, आणि लाइब्निट्सनें रॉयल सोसायटीकडे दाद मागितली. सोसायटीनें १७१२ सालीं चौकशीस मंडळ नेमिलें. सोसायटीचा अध्यक्ष स्वतः न्यूटन, आणि अहवालाचा मसुदाही बहुतांशीं त्याच्याच हातचा. निकाल काय लागला असेल, हें वाचकांस सांगावयास नको. दोघांनीं आपापला शोध स्वतंत्रपणें लाविला, न्यूटननें आधीं व लाइब्निट्सनें मागाहून, हें आज सर्वमान्य आहे. परंतु १७१६ सालीं लाइब्निट्स वारला तरी वाद मिटला नाहीं. टिंब हें स्वदेशाभिमानाचें चिन्ह होऊन बसलें, आणि डी लिहिणें म्हणजे न्यूटनशीं बेइमानी करणें असा भाव रूढ झाला.

वस्तुतः टिंबांत एक मोठी उणीव होती. राशि कशाच्या अनुरोधानें बदलते हें टिंब सांगत नाहीं. डीवाय-डीएक्स या जोडींत तें डोळ्यांना दिसतें. कालाशिवाय दुसरा चल आला, कीं टिंब अडखळतें. इंग्रज अगदीं स्वस्थ बसले होते असें नाहीं. मॅक्लॉरिनचा १७४२ चा ग्रंथ पुष्कळ मोलाचा आहे. तथापि ऑयलर, लाग्रांज, लाप्लास यांनीं डी हातीं धरून जी मजल मारली, तिच्याशीं केंब्रिजची ओळखही नीट राहिली नाहीं. लाप्लासचा ज्योतिषविषयक महाग्रंथ समजून घेऊं शकणारे लोक ब्रिटनमध्यें फार थोडे आहेत, अशी खंत प्लेफेअरनें १८०८ सालीं उघडपणें व्यक्त केली. आमच्या मतें दोष एकट्या टिंबाचा नव्हता. चिन्ह परकें म्हणून ग्रंथ परके, आणि ग्रंथ परके म्हणून विचार परके, अशी ती परंपरा होती.

केंब्रिजमध्यें वुडहाउसनें १८०३ सालीं नव्या पद्धतीचा पुरस्कार केला, पण ती रुजविली तरुण विद्यार्थ्यांनीं. बॅबेज, हर्शेल, पीकॉक प्रभृतींनीं १८१२ सालीं 'ॲनॅलिटिकल सोसायटी' स्थापिली. बॅबेजला कोटीची भारी हौस. आपण 'डीइझम'चे कैवारी, विरोधक 'डॉटेज'चे, असें तो म्हणे. पहिल्या शब्दांत डी या अक्षराचा पंथ व ईश्वरवाद हे दोन अर्थ, तर दुसऱ्यांत टिंबांचें युग आणि म्हातारचळ ! १८१६ सालीं या तिघांनीं लाक्र्वाचें फ्रेंच पाठ्यपुस्तक इंग्रजींत आणलें. पुढच्याच वर्षीं पीकॉक परीक्षक झाला व त्यानें प्रश्नपत्रिकेंतच डी घातला. विद्यार्थ्यास परीक्षेपुढें कसला आला अभिमान ? कांहीं वर्षांतच टिंब मागें पडलें.

बॅबेज येथें थांबला नाहीं. गणिती विचारावर चिन्हांचा परिणाम काय होतो यावर त्यानें निबंध लिहिला, आणि १८२६ सालीं यंत्राच्या हालचाली लिहून दाखविणारी नवी चिन्हपद्धति मांडली. ज्याच्या गणकयंत्राच्या कल्पनेंत पुढील संगणकाचें बीज सांपडतें, त्यानें आपला पहिला लढा एका अक्षरासाठीं दिला होता, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

आपल्याकडेही या शास्त्राचें बारसें एकदां झालेलें नाहीं. बाळशास्त्री जांभेकरांनीं मराठींत त्याला 'शून्यलब्धि' म्हटलें. काशीच्या सुधाकर द्विवेदींनीं १८८६ सालीं हिंदी ग्रंथास 'चलनकलन' हें नांव दिलें. मराठी विश्वकोशानें 'अवकलन व समाकलन' ही जोडी घेतली. चलन या शब्दांत न्यूटनचा प्रवाह वाहतो. अवकलन म्हणतांच लीलावतींतील संकलित-व्यवकलित, म्हणजे बेरीज-वजाबाकी, आठवते, आणि तीच लाइब्निट्सची मूळ कल्पना. गतिशास्त्रांत काल हाच चल असल्यामुळें तेथें न्यूटनचें टिंब आजही सुखानें नांदत आहे. विद्यार्थ्यास आम्ही एवढेंच सांगतों कीं, फळ्यावर दोन्ही लिहून ठेव, आणि कोठें कोणतें सोयीचें पडतें तें गणित सोडवितांना पाहा.