सम्राज्ञी मारियेच्या उत्तरक्रियेचे संगीत

पवित्र रोमन सम्राट दुसरा मॅक्सिमिलियन याची विधवा आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपची बहीण सम्राज्ञी मारिया ही वैधव्यानंतर मायदेशी परतून, धाकट्या बहिणीने माद्रिदमध्ये स्थापिलेल्या देस्काल्सास रेआलेस या जोगिणींच्या मठाच्या आश्रयास राहिली आणि १६०३ च्या फेब्रुवारीत तेथेच निवर्तली. तिच्या पदरी धर्मगुरू म्हणून तैनात असलेल्या तोमास लुईस दे व्हिक्टोरियाने तिच्या उत्तरक्रियेसाठी सहा आवाजांची जी मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीचे संगीत, रचली, तिच्याइतके संयत आणि तरीही अंतःकरण हेलावणारे शोकसंगीत युरोपात क्वचितच निर्माण झाले असेल.

व्हिक्टोरिया मूळचा आविलाचा. तेथील कॅथेड्रलमध्ये बालगायक म्हणून वाढला, पुढे सुमारे वीस वर्षे रोममध्ये राहिला. ऐहिक गीत त्याच्या नावावर एकही नाही.

मृतांच्या मिस्सेची लॅटिन पदे शतकानुशतके एकाच सुरावटीत, तालाच्या बंधनावाचून गायिली जात. ती चाल विधीचेच अंग होती. व्हिक्टोरियाने तिला धक्का लावला नाही. आरंभीचे शब्द मूळ चालीतच उच्चारले जातात, मग सहाही आवाज उठतात, आणि वरून दुसऱ्या आवाजात तीच जुनी चाल बहुतांशी दीर्घ स्वरांनी, अलंकारांवाचून संथपणे चालत राहते; उरलेले पाच आवाज तिच्याभोवती गुंफले जातात; आणि स्तोत्राचा चरण आला की पुन्हा निव्वळ एकस्वरी गान. पूर्वीचे रचनाकार अशी चाल बहुधा टेनरच्या, म्हणजे खालच्या पुरुषी, आवाजात ठेवीत. तिला इतक्या वर आणल्यामुळे ती दाट गुंफणीतही कानांस सुटत नाही. अंतिम न्यायाच्या दिवसाचे भीषण वर्णन करणाऱ्या दीर्घ पदाला तर त्याने हातही लावला नाही, ते जुन्या चालीवरच सोडून दिले; ज्याच्या अंगी एवढे सामर्थ्य होते त्याने अशा जागी मौन पत्करावे, यातच मला त्याची खरी थोरवी दिसते.

कॅथलिक चर्चच्या त्रेंत येथील धर्मपरिषदेत १५६२ साली उपासनेतील गायनाच्या शुद्धतेविषयी जो खल झाला, त्यात शब्द श्रोत्यांस कळले पाहिजेत हा आग्रह प्रबळ होता. बायबलमधील ईयोबाच्या विलापाचे जे पठण व्हिक्टोरियाने या विधीसाठी चार आवाजांत बांधले, त्यात सर्व आवाज अक्षरागणिक एकत्र पावले टाकतात; परंतु ते केवळ आज्ञापालन नव्हे, त्या यातनेला गुंफण सोसलीच नसती.

या उत्तरक्रियेच्या संगीताचा ग्रंथ १६०५ मध्ये माद्रिदच्या राजमुद्रणालयात छापला गेला आणि त्याच मठात जोगीण असलेल्या मार्गारितेस, मारियेच्या कन्येस, अर्पण झाला. व्हिक्टोरियाच्या हयातीत प्रसिद्ध झालेला हा अखेरचा ग्रंथ. पुढे १६११ पर्यंत, म्हणजे मरेतो, तो त्या मठाचा ऑर्गनवादक होता.