यूजनेटचें दप्तर

इ. स. १९७९ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस हे दोन विद्यार्थी होते. एका विद्यापीठाच्या संगणकावर लिहिलेला मजकूर टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्या विद्यापीठाच्या संगणकाकडे आपोआप जावा, आणि तेथील मंडळींनीं तो वाचून त्यास उत्तर द्यावें, अशी कल्पना त्यांना सुचली. पुढल्या वर्षीं ती अमलांत आली व तिला यूजनेट हें नांव मिळालें. प्रत्येक विषयाचा निराळा वृत्तगट असे. परदेशीं गेलेल्या मराठी मंडळींचाही एक गट पुढें निघाला. गांवच्या पारावर रंगाव्या तशाच या गप्पा. फरक एवढाच कीं, पारावर कोण ऐकत आहे हें दिसतें. येथें तें दिसत नसे.

हे संदेश टिकावेत म्हणून लिहिलेले नव्हते. संगणकांतील जागा त्या काळीं फार महाग असे, व नवा मजकूर घ्यावयाचा तर जुना काढणें प्राप्तच होतें. म्हणून प्रत्येक केंद्राचा व्यवस्थापक मुदत ठरवून देई, आणि कांहीं दिवसांनीं किंवा आठवड्यांनीं संदेश आपोआप पुसले जात. लिहिणारांस ही रीत ठाऊक होती. त्या भरवंशावर ते बहुधा खऱ्या नांवानें, संस्थेच्या पत्त्यासह, आजाराविषयीं, संसाराविषयीं, धर्माविषयीं मोकळेपणानें लिहीत, भांडतही. मजकूर नाहींसा होईल असें वचन त्यांना कोणीच दिलें नव्हतें. जागेच्या टंचाईनें तें दिल्यासारखें झालें होतें, इतकेंच.

इकडे कानडांत टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागांत हेन्री स्पेन्सर हे १९८१ पासून येणारे संदेश चुंबकीय फितींवर उतरवून ठेवीत होते. दहा वर्षांत अशा १४१ फिती जमल्या व त्यांत वीस लक्षांहून अधिक संदेश सांठले. यांत कपट कांहीं नव्हतें. शिवाय फडताळांतील फितींचा उपद्रव तो काय? ठेवणें निराळें आणि हवें तें क्षणांत सांपडणें निराळें.

हें अंतर १९९५ सालीं मिटलें. टेक्सस प्रांतांत डेजान्यूज नांवाची संस्था निघाली. तिनें यूजनेटचे संदेश कायमचे सांठवून त्यांत शोध घेण्याची सोय सर्वांस मोकळी केली. एखाद्याचा पत्ता घातला कीं त्यानें कोठकोठल्या गटांत किती वेळां काय लिहिलें, त्याची यादीच समोर येई. ज्याला आपला मजकूर दप्तरांत जावयास नको असेल त्यानें संदेशाच्या शिरोभागीं ‘एक्स-नो-आर्काइव्ह: येस’ ही ओळ घालावी, असाही प्रघात पडला, व डेजान्यूज तो पाळी. सोय प्रामाणिक होती, पण लंगडी. ती ज्यास ठाऊक त्यालाच तिचा उपयोग. त्यांतही दुसऱ्या कोणीं उत्तर देतांना मूळ मजकूर उतरून घेतला आणि स्वतः ती ओळ घातली नाहीं, तर पहिल्याचे शब्द दुसऱ्याच्या संदेशांतून दप्तरांत जाऊन बसत. नभोवाणीवर बोलणारास निदान समोरचें यंत्र तरी दिसतें!

फेब्रुवारी २००१ मध्यें हें दप्तर गूगलनें विकत घेतलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत स्पेन्सर यांच्या फितींतील मजकूरही त्यास जोडला. एकूण संदेश सत्तर कोटींवर गेले. इतिहासाच्या दृष्टीनें हा ठेवा अमोल आहे, यांत शंका नाहीं. लिनस टोरव्हाल्ड्स यानें आपल्या नव्या प्रणालीविषयीं ऑगस्ट १९९१ मध्यें लिहिलेला संदेश, जिचें पुढें लिनक्स झालें, याच यूजनेटवरचा. तो नष्ट झाला असता तर हळहळच वाटली असती. मात्र त्याच कपाटांत कोणा विशीच्या मुलानें रागाच्या भरांत लिहिलेलीं चार वाक्येंही आहेत, आणि तीं लिहितांना हें कपाट असेल हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें. तक्रारीचें मूळ येथें आहे, जपणुकींत नाहीं.

युरोपांत २०१८ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें ही गोष्ट ओळखली. माहिती घेतांनाच ती किती काळ ठेवणार, अथवा तो काळ कशावरून ठरणार, हें सांगणें त्यानें बंधनकारक केलें. भारतांत २०२३ सालीं मंजूर झालेल्या कायद्यानें हेतु संपल्यावर माहिती पुसावी असें ठरविलें. पण मनुष्यानें आपण होऊन जाहीर केलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेविली. म्हणजे पारावर बोललेलें पुन्हा उघड्यावरच राहिलें.

स्पेन्सर यांच्या फितींची एक प्रत इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनेंही लोकांस खुली केली होती. त्यांतील कांहीं संदेश गाळावेत म्हणून कायदेशीर मागण्यांचा तगादा सुरू झाला. निवडक मजकूर गाळला तर दप्तरांत फेरफार केल्याचा आरोप येणार, न गाळला तर खर्च वाढत जाणार. अखेर २०२० मध्यें संस्थेनें तो संच सबंधच काढून घेतला. गूगलनें २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटचे नवे संदेश घेणें थांबविलें. जुने शोधण्याची सोय मात्र तशीच ठेविली.