मुदतठेव आणि मिस बू

माणसाने मुदतठेव मुदतीपूर्वी मोडू नये, असे मी काउंटरवर बसून वीस वर्षे लोकांना सांगत आलो आहे. त्यामुळे गेल्या महिन्यात आमचा भाचा घरी आला आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "मामा, तुमची ती सात लाखांची एफडी आहे ना?" तेव्हा पहिला ठसका मला लागला. दुसरा स्वयंपाकघरातून ऐकू आला. ती ठेव धाकटीच्या इंजिनिअरिंगची.

प्रकरण असे. ताई, म्हणजे त्याची आई, भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करून विकते. मालाला तोड नाही. भाच्याला त्याचे मोबाइलवरचे दुकान काढायचे होते. कोटेशन साडेसहा लाखांचे, जीएसटी वेगळा. त्यात पेमेंट गेटवे होता, गिऱ्हाइकाशी गप्पा मारणारी एक यांत्रिक बाईसुद्धा होती. भाजणीचा उल्लेख कुठे नव्हता.

"फ्लिपकार्ट चार लाखांत सुरू झालं होतं, मामा!"

आता मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. कोणी आकडा फेकला की जुनी खाती उघडल्याशिवाय मला झोप लागत नाही. चार रात्री बसून मी या धंद्याची सगळी खतावणी पालथी घातली.

१९७९ साली इंग्लंडात मायकेल ऑल्ड्रिच नावाच्या गृहस्थांनी घरातला टीव्ही टेलिफोनच्या तारेने संगणकाला जोडला. पुढे १९८४ मध्ये गेट्सहेड गावच्या जेन स्नोबॉल या ७२ वर्षांच्या आजींनी रिमोटची बटणे दाबून टेस्कोच्या दुकानातून अंडी, कॉर्नफ्लेक्स आणि मार्गारीन मागवले. सामान दारात आले, आजींनी रोख पैसे मोजले. फ्लिपकार्टने २०१० साली आणलेली 'कॅश ऑन डिलिव्हरी' आजी सव्वीस वर्षे आधी करून बसल्या होत्या!

१९९५ मध्ये अमेरिकेत पिएर ओमिड्यारने जोडून आलेल्या सुट्टीत घरी बसून लिलावाचे दुकान लिहून काढले. तेच पुढचे ईबे. पहिली विक्री एका मोडक्या लेसर पॉइंटरची, १४ डॉलर ८३ सेंटला. वस्तू मोडकी आहे हे ठाऊक आहे ना, असे त्याने गिऱ्हाइकाला विचारले. तर तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो! (हे मी सौ.ला वाचून दाखवले नाही. आमच्या माळ्यावर अजून माझा रेडिओ आहे.)

इथवर खर्च कसा बेताचा होता. पण मग बू आली.

बू डॉट कॉम हे लंडनचे कपड्यांचे दुकान. काढले तिघा स्वीडिश मंडळींनी, आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये एकदम अठरा देशांत उघडले. पडद्यावर कपडा गोल फिरवून पाहता येई. मदतीला 'मिस बू' नावाची चित्रातली बाई होती आणि तिचे केस कसे असावेत हे ठरवायला खरा केशरचनाकार बोलावला होता म्हणे! अडचण एकच. तेव्हाच्या टेलिफोनच्या तारेवरून मिस बू पडद्यावर अवतरेपर्यंत गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या दुकानातून सदरा आणून, घालून बसलेले असे. मे २००० मध्ये दुकान बंद झाले. अठरा महिन्यांत १३ कोटी ५० लाख डॉलर गेले. मी दोनदा हिशेब केला. रोजचे अडीच लाख डॉलर पडतात, रविवार धरून.

तिकडे सॅन फ्रान्सिस्कोला वेबव्हॅन किराणा पोचवत होती. तुम्ही सांगाल त्या अर्ध्या तासात सामान दारात. लोक खूश होते. पण एका गावात जम बसायच्या आत कंपनीने देशभर गोदामे बांधायचे कंत्राट दिले, शंभर कोटी डॉलरचे! प्रत्येक ऑर्डरीला तोटा आणि ऑर्डरी वाढवायची घाई, असा तो कारभार. जुलै २००१ मध्ये दिवाळे. त्याआधी एप्रिलमध्ये त्यांच्या मुख्याधिकाऱ्याने राजीनामा दिला. करारात त्याला तहहयात वर्षाला ३ लाख ७५ हजार डॉलर कबूल केलेले होते. माझ्या पेन्शनीच्या कागदावर पाच सह्या लागणार आहेत.

आणि भाच्याचे फ्लिपकार्ट? २००७ साली बंगळूरच्या एका फ्लॅटमध्ये, चार लाखांत सुरू झाले हे अगदी खरे. पण २०१८ साली वॉलमार्टने १६ अब्ज डॉलर देऊन त्यातला ७७ टक्के हिस्सा घेतला, तोवर मध्ये परक्यांचे अब्जावधी डॉलर गोदामांत, गाड्यांत आणि सवलतींत ओतले गेले होते. चार लाख हा नुसता नारळ फोडायचा खर्च.

हे सगळे मी भाच्याला ऐकवले. तो शांतपणे ऐकत होता, म्हणजे मोबाइल बघत होता.

"महिन्याला ऑर्डरी किती येतात रे?"

"पस्तीस. कधी चाळीस. व्हॉट्सअ‍ॅपवर."

"आणि नाही म्हणून किती सांगावं लागतं?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "दिवाळीत दीडशे परत पाठवल्या. आईचा हात दुखतो. भाजायला माणूस मिळत नाही, गिरणीवाला तासन्‌तास ताटकळत ठेवतो."

त्या रात्री मी ताईला फोन केला. अ‍ॅपविषयी तिला काही ठाऊक नव्हते. "मला मेली एक दळायची मशीन हवी होती," ती म्हणाली, "पण तो म्हणाला, आधी दुकान होऊ दे." मग आवाज उतरवून, "त्याची नोकरी गेलीय रे. तुला बोलला नसेल."

नव्हता बोलला.

मुदतीपूर्वी ठेव मोडण्याचा फॉर्म मी दुसऱ्या दिवशी बँकेतून घरी आणला. दंड एक टक्का. सौ.ने तो वाचला, चष्मा काढला आणि एवढेच विचारले, "मशीन केवढ्याला येते?"

रविवारी ताईकडे गेलो, तर तिने दोन किलो भाजणीची पिशवी हातात दिली. कोथरूडची ऑर्डर होती. भाचा मशिनीच्या चौकशीला गेला होता. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दार एका आजींनी उघडले. भाजणीचा वास घेतला, आत जाऊन पर्स आणली आणि नोटा दोनदा मोजून दिल्या. सुटे वीस रुपये माझ्याकडे नव्हते.

"राहू द्या," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी द्या."