ऑगमेंटेड सेव्हंथ कॉर्ड (युकुलेलेवरील)

डॉमिनंट सेव्हंथ कॉर्डमधला पाचवा स्वर अर्ध्या स्वराने चढवला की होणारी चार स्वरांची कॉर्ड. ‘सी’ला सा मानल्यास तिचे स्वर सा, ग, कोमल ध आणि कोमल नि. हिंदुस्थानी पद्धतीत पंचम अचल असल्याने चढवलेला पंचम आपल्या कानाला कोमल धैवतच वाटतो. पेटीवर हे चार स्वर आधी एकत्र दाबून ऐकलेले बरे. छापील संगीतात ती ‘सी+७’ किंवा ‘सी७♯५’ अशी लिहितात.

युकुलेलेला ताराही चारच. जी, सी, ई, ए अशा लावलेल्या वाद्यावर ही कॉर्ड १००१ अशी धरतात : जी आणि ए या कडेच्या तारा पहिल्या फ्रेटवर, मधल्या दोन मोकळ्या. कोणताही स्वर गाळावा लागत नाही, दुसऱ्यांदाही येत नाही. तर्जनी जीवर आणि मधले बोट एवर ठेवावे. तर्जनी आडवी पडली की सीची तार मुकी होते, म्हणून बोटे कमानदार हवीत. साधी सी७ (०००१) बहुतेक जण तर्जनीने धरतात. ती मधल्या बोटाने धरण्याची सवय लावली, तर तर्जनी मोकळी राहते आणि बदल क्षणात होतो.

कॉर्डचा खरा उपयोग पुढे कुठे जायचे त्यात आहे. सी (०००३), सी+७ (१००१), एफ (२०१०) अशा क्रमाने वाजवावे. जीच्या तारेवर जी, जी शार्प, ए अशी चढण ऐकू येते. त्याच वेळी एच्या तारेवरचा बी फ्लॅट मोकळ्या एवर उतरतो. तारा पारंपरिक पद्धतीने लावल्या की जीची तार सीपेक्षा उंच असते, त्यामुळे जी शार्प व बी फ्लॅट शेजारी, एकाच पूर्ण स्वराच्या अंतरावर वाजतात आणि दोन्ही बाजूंनी नेमक्या एकाच, ४४० हर्ट्‌झच्या ए स्वरावर मिळतात. जीची तार खर्जात लावली तर ही मिळणी सप्तकभर फाकते. कॉर्ड तीच, पण गंमत बरीच कमी.

१००१ हा आकार वर सरकवता येतो. दोन फ्रेट वर नेल्यास डी+७ (३२२३) मिळते. मात्र मोकळ्या तारा उरत नसल्याने दुसऱ्या फ्रेटवर तर्जनी आडवी दाबावी लागते. नवशिक्याने त्याआधी ए+७ (०११०) आणि जी+७ (०३१२) शिकाव्यात. जी७ (०२१२) येत असेल तर सीच्या तारेवरचे बोट एक फ्रेट पुढे नेले की काम झाले, आणि तो डी शार्प पुढच्या सी कॉर्डमधल्या ईकडे ओढला जातो.

नावांचा घोळ टाळावा. १००१ मधले एच्या तारेवरचे बोट दुसऱ्या फ्रेटवर नेले (१००२) तर ऑगमेंटेड मेजर सेव्हंथ होते, तिसऱ्यावर नेले (१००३) तर सातवा स्वर नसलेली नुसती ऑगमेंटेड.