जिरेटोपातली जाळी कुठे गेली? बाजारातल्या स्वस्त टोपाला अस्सल रूप कसं द्यायचं

शिवजयंतीच्या मिरवणुकांचे फोटो आणि रील्स नीट बघा. मावळ्यांचे अंगरखे, शेले, ढाली यांवर बऱ्यापैकी खर्च केलेला असतो. पण नजर डोक्याकडे गेली की गडबड दिसते. सोनेरी प्लास्टिकचा टोप, गालांवर दोन पट्ट्या आणि माथ्यावर पुढून मागे गेलेला लाल ब्रश. हा टोप रोमन सैनिकाचा आहे. सह्याद्रीशी किंवा नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी त्याचा काहीही संबंध नाही. वेशभूषेच्या बाजारात 'योद्धा' म्हटलं की हाच साचा मिळतो, म्हणून तो सगळीकडे दिसतो.

तो फेकून द्यायची गरज नाही. थोडी कापाकापी, थोडी पुट्टी आणि बराच संयम असेल तर याच टोपापासून सतराव्या-अठराव्या शतकातल्या मराठा शिरस्त्राणाची चांगली प्रतिकृती तयार होते.

भंडाऱ्यात हा प्रश्न जास्त का येतो?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा झाडीपट्टीचा पट्टा. इथे दिवाळीनंतर, भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते, दंडार रंगते आणि रात्र-रात्र चालणारी नाटकं सुरू होतात. हा हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो, म्हणजे शिवजयंतीही त्यातच येते. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं मोठं केंद्र गडचिरोलीतलं वडसा. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर उर्वरित महाराष्ट्राचं लक्ष तिकडे गेलं, पण भंडाऱ्यातल्या प्रेक्षकाला ती ओळख करून द्यावी लागत नाही.

पूर्वी प्रेक्षक रंगमंचापासून लांब बसायचा आणि दिव्यांच्या उजेडात सोनेरी प्लास्टिकही चालून जायचं. आता पहिल्या रांगेतला मोबाईल झूम करतो आणि दुसऱ्या दिवशी ती क्लिप तालुकाभर फिरते. शाळकरी मुलांच्या डोक्यात 'मावळा' म्हणून जे चित्र बसतं, तेही आता बहुतेक इथूनच येतं.

शब्दातच उत्तर आहे

'जिरेटोप' म्हटलं की आज मखमली, मोत्यांच्या माळा लावलेली टोपी डोळ्यांसमोर येते. पण शब्द फोडून पाहा. फारसीत 'जिरह' म्हणजे लोखंडी कड्या एकमेकींत अडकवून केलेलं चिलखत. जिरेटोप म्हणजे असं जाळीचं चिलखत जोडलेला टोप. काळाच्या ओघात जाळी गळून गेली, नाव राहिलं.

स्कॉटिश इतिहासकार ग्रँट डफ याने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात १० नोव्हेंबर १६५९ च्या अफझलखान भेटीचं वर्णन केलंय. त्यात शिवाजी महाराजांच्या पागोट्याखाली पोलादी कड्यांची टोपी आणि अंगरख्याखाली जाळीचं चिलखत होतं असं तो लिहितो. दुसरीकडे, महाराजांची म्हणून ओळखली जाणारी सतराव्या शतकातली जी चित्रं युरोपातल्या संग्रहालयांत आहेत, त्यांत डोक्यावर दिसतं ते कापडी पागोटं आणि त्यावरचा तुरा. म्हणजे दरबारात कापड, लढाईत पोलाद, आणि कधी कापडाखाली पोलाद.

हे नाटकाच्या बजेटसाठीही कामाचं आहे. लोखंडी टोप महागडी वस्तू होती. पायदळातला साधा मावळा बहुधा पागोटं किंवा मुंडासं बांधूनच लढायचा. त्यामुळे रंगमंचावर दहा मावळे असतील तर दहा टोप नकोत. दोन सरदारांचे टोप नीट करा, बाकी आठ जणांना पागोटी बांधा. पैसे वाचतात आणि दृश्य जास्त खरं होतं.

खरा टोप दिसतो कसा?

दख्खनेत आणि उत्तर हिंदुस्थानात त्या काळात वापरले जाणारे टोप एकमेकांच्या बरेच जवळचे होते. पोलादाची घुमटासारखी वाटी. माथ्यावर छोटं टोक किंवा तुरा खोचायची नळी. कपाळाच्या दोन्ही बाजूंना तुऱ्यांसाठी आणखी दोन नळ्या. मधोमध नाकावर येणारी सरकती पट्टी, जी कपाळावरच्या खाचेतून वर-खाली होते आणि स्क्रूने किंवा आकड्याने अडकवता येते. आणि कडेला लोंबणारी जाळी, जी कान, गाल आणि मान झाकते. जाळीची खालची कड अनेकदा सरळ नसून तोरणासारखी टोकदार असते. गालपट्ट्या नाहीत, ब्रश नाही.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर भंडाऱ्याहून सगळ्यात सोयीचं ठिकाण म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला नागपूरकर 'अजब बंगला' म्हणतात. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही शस्त्रास्त्रं मांडलेली आहेत. घरबसल्या बघायचं तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या वेबसाईटवर भारतीय टोपांचे मोठे, स्पष्ट फोटो मोफत मिळतात. एक सावधगिरी मात्र हवी. तीन-तीन टोकांचे, राक्षसाचा चेहरा किंवा शिंगं असलेले टोप तिथे दिसतील. ते बहुतेक एकोणिसाव्या शतकातले इराणी शोभेचे टोप असतात. दिसतात झकास, पण मराठा सरदाराच्या डोक्यावर चुकीचे.

समोरून आणि बाजूने काढलेले दोन फोटो निवडा, प्रिंट काढा आणि कामाच्या जागी चिकटवा. आठवणीतून केलेला टोप हळूहळू पुन्हा सिनेमातल्या टोपासारखा व्हायला लागतो.

आधी काढा, मग जोडा

पहिलं काम ब्रश आणि गालपट्ट्या कापून टाकायचं. कटर गरम करून घाईने कापू नका, प्लास्टिक वितळतं आणि धूर नाकात जातो. बारीक दातांचं हॅक्सॉ ब्लेड पुरतं. मग टोपाच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने थिनरचा एक थेंब लावून बघा. जागा चिकट झाली तर त्या प्लास्टिकवर थिनरवाला रंग किंवा स्प्रे थेट मारायचा नाही, सगळा टोप खराब होईल. मेणचट, लवचिक प्लास्टिक असेल तर उलटी अडचण येते. त्यावर रंग धरत नाही, पापुद्रे निघतात. अशा टोपावर आधी पॉलिश पेपर घासून प्लास्टिकसाठीचा प्रायमर लावावाच लागतो. शक्यतो असा टोप विकतच घेऊ नका.

भोकं बुजवायला आतून कापडाचा तुकडा चिकटवायचा आणि बाहेरून एम-सील भरायचं. मोठे खड्डे आणि सांधे गाडीच्या डेंटिंगवाल्याकडे मिळणाऱ्या पुट्टीने सपाट होतात. वाळल्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, शेवटी ४०० नंबर पाणी लावून. पाणी लावून घासल्याने धूळ उडत नाही. टोप फायबरचा असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण फायबरची धूळ अंगाला खाजते आणि फुप्फुसाला वाईट. मास्क लावा, काम उघड्यावर करा.

माथ्याचं टोक करायला पडद्याच्या रॉडचं टोक चालतं. पण भंडारा जिल्ह्यात राहून प्लास्टिकचं टोक लावणं म्हणजे कमालच. पितळी भांड्यांसाठी हे शहर ओळखलं जायचं आणि त्याच्या नावाचा संबंधही पितळेशी जोडला जातो. कासाराच्या दुकानात किंवा मोडीत जुन्या समईचा वरचा भाग मिळाला तर त्याहून चांगलं टोक नाही. पितळ जड असतं, त्यामुळे नुसतं चिकटवू नका. टोपाला भोक पाडून आतून नट-बोल्ट आणि रुंद वायसर लावा. टोक कानसीने बोथट करा. लढाईच्या प्रसंगात डोकी एकमेकांवर आदळतात.

नाकपट्टीसाठी दोन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, कडा घासून गोल करा आणि कपाळावर दोन कड्या लावून त्यातून सरकती ठेवा. नटाला याचा फायदाच आहे. संवाद म्हणताना पट्टी वर सरकवली की चेहरा मोकळा होतो, आणि खरे सैनिकही ती वर-खाली करतच असत.

जाळी

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात जास्त फरकही इथेच पडतो. टोपाचा बाकी भाग साधारण जमला आणि जाळी चांगली झाली, तर तो टोप खरा वाटतो. उलट केलं तर वाटत नाही.

पहिला मार्ग तारेचा. जुन्या टोपांत जाळीच्या कड्यांची टोकं बऱ्याचदा रिव्हेट मारून बंद केलेली असत. प्रतिकृतीत टोकाला टोक भिडवलं तरी पुरतं. सव्वा मिलिमीटरच्या आसपासची ॲल्युमिनियमची तार आठ मिलिमीटरच्या सळईवर गुंडाळायची, स्प्रिंगसारखं वेटोळं झालं की ते एका रेषेत कापायचं. प्रत्येक कापाला एक कडी निघते. मग दोन पकडी घेऊन विणायला बसायचं. साधा नियम असा की प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून गेली पाहिजे. टोपाच्या मागून आणि बाजूंनी पुरेल एवढ्या जाळीला हजाराच्या आसपास कड्या लागतात. एका बैठकीत संपणारं काम नाही. मंडळातल्या चार जणांनी रोज तासभर दिला तर आटोपतं, एकट्याने करायला गेलं तर बोटं सोलून निघतात.

दुसरा मार्ग लोकरीचा. युरोपातल्या नाटकांत आणि सिनेमांतही जाळीचं चिलखत म्हणून जाड लोकरीचं विणकाम रंगवून वापरलेलं आहे. जाड करड्या लोकरीचे सगळे टाके सुलट घालून सैलसर पट्टी विणायची, आधी काळा रंग द्यायचा आणि वाळल्यावर जवळपास कोरड्या ब्रशने चंदेरी रंग वरवर फिरवायचा. उंचवटे चमकतात, खाचा काळ्या राहतात. दहा फुटांवरून फरक कळत नाही. खर्च आणि वजन दोन्ही कमी, आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकात वजन ही थट्टा नाही. खरे पोलादी टोप जाळीसकट साधारण एक ते दीड किलोचे असायचे.

मोबाईल जवळ येणार असेल, प्रदर्शनात किंवा शाळेत टोप मांडायचा असेल तर तार. फक्त रंगमंच असेल तर बिनधास्त लोकर. बाजारातली चंदेरी नेट किंवा भांडी घासायची जाळी दोन्हीकडे नको, उजेड पडला की लगेच ओळखू येते.

लावताना टोपाच्या कडेला एक सेंटिमीटरच्या अंतराने बारीक भोकं पाडून तारेनेच अडकवा. चिकटवलेली जाळी पहिल्याच प्रयोगात सुटते.

सोनं कमी, काळोख जास्त

रंगात बहुतेक जण एकच चूक करतात. क्रोम स्प्रे मारतात आणि टोप स्टीलच्या डब्यासारखा दिसू लागतो. जुनं पोलाद करडं, काळपट असतं. आधी काळा मॅट रंग द्या, मग अगदी पातळ हाताने गडद चंदेरी. वाळल्यावर पाण्यात पातळ केलेला तपकिरी रंग फासून लगेच फडक्याने पुसून घ्या. खाचांमध्ये तो राहतो आणि शंभर वर्षांचा मळ दिसतो. नाकपट्टीची कड, टोपाचा काठ, जिथे हात लागतो तिथे थोडी चमक ठेवा.

सोनेरी काम फक्त काठाच्या पट्टीवर आणि नळ्यांभोवती. खऱ्या टोपांवर ते 'कोफ्तगरी'ने केलेलं असे. पोलादावर बारीक रेघांची जाळी ओरखडून त्यावर सोन्याची तार ठोकून बसवायची. हे काम कसं दिसतं ते पाहायला एक ताजं आणि इथल्या इतिहासाशी जोडलेलं उदाहरण आहे. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाख रुपयांना घेतली. तिच्या मुठीवर सोन्याची कोफ्तगरी आहे. भंडारा याच भोसल्यांच्या राज्यात होतं, ते १८५३ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा करेपर्यंत. तलवारीचे फोटो सहज मिळतात. त्यातली वेलबुट्टी बघून मेंदीच्या कोनासारख्या कोनात सोनेरी ॲक्रिलिक भरून काठावर काढा. हात चांगला नसेल तर लेसचा तुकडा स्टेन्सिलसारखा धरून त्यावरून रंग टेपा. शेवटी मॅट लॅकर.

डोक्यावर घालण्याआधी

आतून जुन्या गोधडीचा तुकडा किंवा सुती कापडात भरलेला फोम लावा. खऱ्या टोपांनाही आतून कापसाचं अस्तर असे. हनुवटीखाली सुती पट्टा हवा, नाहीतर पहिल्याच उडीत टोप प्रेक्षकांत जातो. घालून पाच मिनिटं जोरजोरात मान हलवून बघा आणि नटाला त्यातून प्रॉम्प्टरचा आवाज नीट ऐकू येतो का तेही तपासा. जाळी कानावर जाड झाली तर येत नाही.

हा टोप कुठलाही मार झेलत नाही. मिरवणुकीत तो घालून दुचाकी चालवणारे दिसतात, त्यांच्या डोक्यावर त्या वेळी हेल्मेट नसतं असंच समजायचं. आयएसआयच्या चांगल्या हेल्मेटला कापून टोप करण्याचाही मोह नको.

ॲल्युमिनियमऐवजी बांधकामाची बाइंडिंग तार वापरली असेल तर ती घामाने गंजते आणि गालावर तांबडे डाग उमटतात. प्रयोगानंतर जाळी पुसून खोबरेल तेलाचा हलका हात द्यावा आणि टोप पिशवीत न कोंबता उलट्या पातेल्यावर ठेवावा, म्हणजे आकार बिघडत नाही.